न घोटलेले स्फटिक

...काळा – नाही, अगदी काळाही नव्हे. सुईच्या टोकाने किंचित कलवला की कडेला जुन्या मोरावळ्याची असते तशी लालसर तपकिरी धार दिसते, आणि सरळ केला की पुन्हा काळा. प्रमोदिनीने सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू केसभर फिरवला तशा कडा स्पष्ट झाल्या. सहा बाजू, दोन्ही टोकं तिरकी कापल्यासारखी, अंगावर एक ओरखडा नाही. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. भोकं पाडलेल्या फॉइलच्या झाकणाखाली, कपाटातल्या अंधारात, पाच आठवडे कोणी दार आपटू नये म्हणून दारावर लाल अक्षरांत चिठ्ठी लावून हा वाढवला होता. तिला तो आवडत होता, आणि आपल्याला स्फटिक आवडतात हे तिने कधी लपवलं नव्हतं. मॅडम एखाद्या दिवशी यांची दृष्ट काढतील, असं विद्यार्थी आपापसात म्हणत. ते तिच्या कानावर आलेलं होतं आणि तिला त्याचा राग नव्हता.

एवढ्याशा या तुकड्यात एकाच साच्याचे रेणू दाटीवाटीने बसलेले, आणि प्रत्येक रेणूच्या पोटात मँगनीजच्या चौदा अणूंचा झुबका. थंडी पुरेशी वाढवली – म्हणजे द्रवरूप हेलियमची थंडी, माणसाच्या कल्पनेत न बसणारी – की त्यातला एकेक रेणू स्वतःच लोहचुंबक होतो. प्रश्न एवढाच, की किती जोराचा. आणि त्या प्रश्नाचं उत्तर जगात पहिल्यांदा तिने, प्रमोदिनी गजभियेने, जानेवारीत काढलेलं होतं: या घराण्यातल्या आजवरच्या सगळ्या रेणूंपेक्षा जास्त.

"मॅडम."

वैभवी दारात उभी होती. हातात दोन प्रिंटआउट. पारशिवनीहून येऊन इथे संशोधनाला लागल्याला तिला चार वर्षं झाली होती, तरी दारात थांबून हाक मारायची तिची सवय गेली नव्हती.

"ये ना. काय आहे?"

"मार्चचा डेटा आला." तिने कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, कडा जुळवल्या, मग पुन्हा जुळवल्या. "कमी येऊन राहिलं, मॅडम."

जानेवारीची चुंबकत्वाची रेघ झपकन वर चढून सपाट झालेली. मार्चची रेघ सावकाश चढत चढत गेली होती, आणि कागद संपला तरी पहिलीच्या दोन तृतीयांशापर्यंतच पोचली होती. पदार्थ तोच, यंत्र तेच. ते यंत्र बाहेरगावच्या एका संस्थेत होतं; जानेवारीत तिथे दोघी मिळून गेल्या होत्या. मार्चमध्ये पुन्हा वेळ मिळाली तेव्हा प्रबंधासाठी म्हणून वैभवी एकटी जाऊन मोजून आली होती.

प्रमोदिनीने दोन्ही रेघांकडे पाहिलं. किती वेळ? दोन सेकंदही नसतील.

"सुकलं तुझं सॅम्पल," ती म्हणाली. "मार्चचं ऊन, त्यात रेल्वेचा डबा. स्फटिकात अडकलेलं द्रावण उडून गेलं की आतली बैठक ढासळते, मग आकडा पडतो. बाटलीच्या झाकणावर पॅराफिल्म किती वेळा गुंडाळला होतास?"

"दोनदा..."

"चारदा गुंडाळायचा. असू दे. प्रबंधाला पुन्हा मोजू."

वैभवीने रेघांकडे पाहिलं, ओठ उघडले, मिटले. "असेल, मॅडम," ती म्हणाली आणि कागद तिथेच ठेवून गेली.

झालं. विषय संपला. प्रमोदिनी पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकावली, पण आता घाई होती. शोधनिबंधाची शेवटची छपाईप्रत परवा आली होती. अठ्ठेचाळीस तासांत तपासून परत पाठवायची, म्हणजे आज संध्याकाळी सहापर्यंत. पहिलं नाव वैभवीचं, शेवटचं तिचं. ज्या नियतकालिकात नाव यावं म्हणून लोक सगळी हयात घालवतात, त्या नियतकालिकात. एक स्वल्पविराम, दोन आकडे, एका तक्त्यातली चुकलेली रेघ – एवढंच तपासायचं उरलं होतं.

ती पक्क्या आवाजात बोलते असं सगळे म्हणतात. हो, बोलते. तो आवाज काही मला पाळण्यात मिळालेला नाही... मनसरच्या मँगनीज खाणीवर बाबा दगड फोडायचे, आणि संध्याकाळी घरी आले की त्यांच्या तळहाताच्या रेषांत काळं भरलेलं असायचं, साबणाने न निघणारं. गोविंदा गजभिये. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली तेव्हा सात वर्षांचे होते, आजोबांच्या खांद्यावर बसून आले होते, आणि त्या दिवसाचं त्यांना एकच आठवायचं, की पुष्कळ पांढरे कपडे होते. कॉलेजच्या मुलाखतीला त्यांनी मला सोडलं तेव्हा फाटकाशी म्हणाले होते, "पोरी, विचारलं तं लगेच सांगजो. थांबजो नको. आपण थांबलो की त्यायले वाटते, इले येत नाही." मी थांबले नाही. त्या मुलाखतीत नाही, पुढच्या एकाही मुलाखतीत नाही. नागपुरात बसून, उधारीच्या यंत्रांवर हे काम होईल का, असं अनुदान देणाऱ्या समितीतल्या एका गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, तेव्हा मी म्हणाले, होईल. पुढे काही जोडलं नाही. दुसऱ्यांना चुकायला मुभा असते. त्यांच्या चुकीला लोक अनुभव म्हणतात. आमच्या वस्तीतून आलेली बाई एकदा चुकली की तिथेच तिचा हिशेब मिटतो, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही... आणि मी चुकलेही नाही. हा काही गर्व नाही. खरंच चुकले नाही.

दहाच्या सुमारास सुशील सर डोकावले. शेजारच्या प्रयोगशाळेचे, सेंद्रिय रसायनाचे, मनाने भले आणि पोटाने त्याहून भले. हातात तर्री-पोह्याचं पार्सल, वर्तमानपत्रातून लाल तेल पाझरत होतं.

"मॅडम, आज पाठवून राहिल्या ना तुम्ही? मंगं तोंड तिखट करा. गोड संध्याकाळी." त्यांनी पार्सल सोडलं. "एचओडी फलक लावतो म्हणे गेटवर. फोटो द्या एखादा चांगला. आधार कार्डवाला नका देऊ."

ती हसली. तर्रीने नाकातून पाणी आलं. बाहेर एप्रिलचं ऊन दहालाच टोचायला लागलं होतं, व्हरांड्यातला कूलर घरघरत होता, आणि तिला छान वाटत होतं – नुसतं बरं नव्हे, छान. मघाच्या दोन रेघा पोह्याच्या पुड्याखाली झाकल्या गेल्या होत्या आणि खालच्या कागदाला तेलाचा एक डाग पडला होता.

अकराला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा तास. चुंबकीय मापन. हा तास ती बारा वर्षं घेत होती आणि त्यातले विनोदही बारा वर्षं तेच होते. तिने फळ्यावर एक कॅप्सूल काढली – औषधाच्या दुकानात मिळते तीच, पारदर्शक, रिकामी. पहिल्या बाकावरच्या मुलींना दरवर्षी याचं नवल वाटतं: कोट्यवधींचं यंत्र, आणि त्यात नमुना जातो तो औषधाच्या कॅप्सूलमधून, शीतपेय प्यायच्या नळीत बसवून.

"आता नमुना," ती म्हणाली. "नेहमी खलात घोटायचा, बारीक पूड करायची, आणि ग्रीसमध्ये घट्ट बसवायची. काहून?" हा 'काहून' ठरलेला होता, वर्ग तिथे हसायचा. वर्ग हसला. "कारण सुटे, आख्खे स्फटिक ठेवले तर ते तुमचं ऐकत नाहीत. चुंबक चालू झाला की कॅप्सूलमध्ये गुपचूप वळतात, सगळे एका दिशेला तोंड करून बसतात. यंत्राला वाटतं, वा, काय जोरकस माल आहे! रेघ झपकन वर जाते. तो आकडा त्या पदार्थाचा नसतो. तुमच्या आळसा–"

झपकन वर जाते.

खडू फळ्यावर टेकलेला राहिला. पाठीमागे कोणीतरी वही उलटली. ...संस्थेच्या त्या खोलीत निळसर ट्यूबलाइट होती, टेबलावर पांढरा टिश्यू पसरलेला, आणि त्याच्यावर ते – पहिल्याच खेपेचे, दोन-दोन मिलिमीटरचे, एकही तुटलेला नाही. चिमट्याने एकेक उचलून कॅप्सूलमध्ये सोडताना होणारा बारीक आवाज. वर कापसाचा बोळा. झाकण. किती सहज झालं होतं ते! खल बॅगेत होता, ग्रीसची ट्यूब बॅगेत होती. विसरले नव्हते मी. विसरले असते तर... घोटायचं होतं, हे ठाऊक असून घोटले नाहीत, कारण ते इतके सुंदर होते की हात धजेना. पाच आठवड्यांचं ते रूप एका मिनिटात पिठासारखं करायचं? या एका वेळी राहू दे. एवढंच वाटलं होतं.

"मॅडम, आळसाचा?" पहिल्या बाकावरून एक आवाज.

"आळसाचा," ती म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या विनोदावर ती स्वतः हसली नाही. उरलेला तास तिने नीट घेतला, एक पायरी चुकली नाही, आवाज ढळला नाही. तिचं तिलाच त्याचं आश्चर्य वाटलं.

खोलीत येऊन तिने दार लोटलं आणि संगणकावर छपाईप्रत उघडली. प्रयोगाच्या विभागात, तिसऱ्या परिच्छेदात ते वाक्य होतं – बारीक घोटलेली पूड ग्रीसमध्ये बसवून मोजमाप केले. तिने ते वाक्य आठवून पाहिलं. ते तिनेच लिहिलं होतं, पण या वर्षी नव्हे. सहा वर्षांपूर्वीच्या निबंधासाठी लिहिलं होतं, तेव्हा खरं होतं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक निबंधात तो परिच्छेद उचलून ठेवायचा, रेणूचं नाव तेवढं बदलायचं, अशी पद्धत पडली होती. सगळेच करतात. प्रयोगाची पद्धत दर वेळी नव्याने कोण लिहितो? आणि वैभवीने... वैभवीने मार्चमध्ये ते वाक्य वाचून, त्याबरहुकूम, शब्दशः, पूड घोटली होती आणि ग्रीसमध्ये बसवली होती. म्हणून तिची रेघ खाली होती. पोरगी बरोबर होती. निबंधात लिहिलं होतं तसं वागलेली ती एकटीच होती.

मग मन वकिली करायला बसलं. ते तयारच असतं. रेणू नवा आहे, रचना खरी आहे, स्फटिकांची क्ष-किरण तपासणी निर्दोष आहे – मग एक आकडा वरखाली झाला तर काय आभाळ कोसळणार आहे? तीन परीक्षकांनी वाचलं, कोणाला शंका आली नाही. आज पाठवून दे. वर्षभराने दुरुस्ती छापता येते, चार ओळींची, शेवटच्या पानावर, जी कोणी वाचत नाही. आणि समजा आज थांबवलं – तर काय सांगणार? की गजभिये मॅडमना स्फटिकांची दया आली? चष्म्यावरून बघणारे ते गृहस्थ अजून समितीवर आहेत. ते काही बोलणार नाहीत. नुसती मान हलवतील, आणि ती मान मला इथे बसून दिसते आहे.

...आणि वैभवी? तिचा पहिला निबंध. घरी सांगून झालंय तिचं. पारशिवनीत तिच्या काकांनी म्हणे पेढे वाटले.

तिने पोह्याच्या पुड्याखालचे कागद ओढून काढले. तेलाचा डाग मार्चच्या रेघेच्या खाली होता, रेघेला लागला नव्हता. सकाळी दोन सेकंद पाहिलेली ती रेघ आता तिने पाच मिनिटं पाहिली, मग दहा. सावकाश चढते आहे... बरोबर, चढायलाच हवी. पण इथे, मधेच, हा बाक कसला? जानेवारीच्या रेघेत तो नव्हता. त्या झपाट्यात तो दिसलाच नसता. झुबक्यातले काही अणू बाकीच्यांच्या उलट उभे असतील तर... चौदातले दोन? चार? तिने पेन्सिल घेतली. समासात आकडेमोड सुरू झाली. अर्धं पान भरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण गेला अर्धा तास घाबरलेलो नाही. उलट अंगात पूर्वीसारखं काहीतरी सळसळतंय. रेणू दुबळा होता, पण जास्त विचित्र होता. हा आपल्याला काही सांगत होता आणि आपण त्याला सुकलेला म्हणून गप्प बसवलं होतं.

म्हणजे थांबवायचं. ठरलं तर. तिने संपादकांना पत्र लिहायला घेतलं, पहिली ओळ बरी उतरली, दुसरी नाही. जानेवारीच्या मापनात नमुना... इथे बोटं थांबली. लिहिता-खोडता दुपार सरली, पाच वाजून गेले होते.

"मॅडम."

दारात वैभवी, हातात तिची प्रयोगवही. हा या प्रयोगशाळेचा नियम होता आणि तो प्रमोदिनीनेच घातला होता: दिवसाचं पान दिवसाला भरायचं, खाडाखोड करायची नाही, आणि निघण्याआधी खाली मॅडमची सही घ्यायची. सही ती बहुतेक वेळा उभ्या उभ्या करायची, दुसऱ्या हातात फोन असताना. आज तिने वही टेबलावर ठेवून पान वाचलं.

वैभवीचं अक्षर गोल, शाळेतलं. तारीख. आणि मग तीनच ओळी: मार्चमधील नमुना प्रवासात सुकल्यामुळे मापन चुकीचे आले. नमुना नीट बंद केला नाही. चूक माझी.

पेन हातात होतं. खाली सहीसाठी मोकळी जागा सोडलेली होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच. ही सही केली की सगळं आपोआप जुळत होतं – निबंध, फलक, पेढे. कोणी कोणाला काही विचारणार नव्हतं, कधीच.

"हे काहून लिहिलं वं?"

"तुम्ही बोलल्या ना मॅडम, सकाळी."

प्रमोदिनीने पेन खाली ठेवलं. आता बोलायचं. जे पत्रात उतरत नव्हतं ते तोंडाने बोलायचं, एका दमात, न थांबता. "वैभवी, ऐक. तुझं सॅम्पल सुकलं नव्हतं. तुझंच बरोबर आहे. जानेवारीत मी घोटलं नव्हतं. आख्खे स्फटिक टाकले मी कॅप्सूलमध्ये."

ती थांबली. समोरच्या मुलीचे डोळे विस्फारतील, मग भरून येतील, मग आपण तिला पाणी देऊ – एवढं तिने मनात योजून ठेवलं होतं.

वैभवीचा चेहरा बदलला नाही. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मले माहीत आहे, मॅडम."

"काय माहीत आहे?"

"मी होती ना तिथं. तुमच्या बाजूलेच उभी होती." तिचा आवाज खाली गेला. "मी विचारलं होतं, खल काढू का म्हणून. तुम्ही हसल्या. म्हणाल्या, यांना घोटायचं तर आधी तुला घोटते."

...म्हणाले होते. हो. शब्दन् शब्द तेच. इतका वेळ ते कुठे होतं? वर्गात ती खोली आठवली, ट्यूबलाइट आठवली, चिमट्याचा आवाजही आठवला, आणि शेजारी उभी असलेली ही अख्खी मुलगी आठवली नाही.

"मग सकाळी बोलली काहून नाही?"

"बोलणारच होती. ग्राफ घेऊन त्याच्यासाठीच आली होती." वैभवी जमिनीकडे पाहत होती. "पण तुम्ही इतक्या पक्क्यानं बोलल्या, की मले वाटलं, माह्यंच काही चुकलं असन. मंग मी मार्चच्या उरलेल्या स्फटिकांचं वजन करून पाहिलं. दोनदा केलं. सुकलं असतं तं वजन कमी भरलं असतं ना... नाही भरलं कमी. निघायच्या आधीच्या वजनातून वापरलेलं वजा केलं, तं जसंच्या तसं होतं."

"आणि तरी हे लिहिलंस?"

"हो."

कूलर घरघरत होता. प्रमोदिनीने वहीतल्या त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. माझ्या मुली माझ्याकडून हेच घेऊन जातील, असं ती निरोप समारंभात दरवर्षी सांगायची – ताठ मान, पक्का आवाज. या मुलीकडे चार वर्षांचं काम होतं, तराजूवरचा आकडा होता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आणि दोन सेकंदांच्या पक्क्या आवाजापुढे तिने ते सगळं मोडून आपल्याच नावावर चूक लिहून आणली होती, गोल अक्षरात, खाडाखोड न करता. चष्म्यावरून बघणारे ते गृहस्थ... त्यांनी मला एवढं कधी केलं नव्हतं. त्यांच्यापुढे मी 'होईल' म्हणू शकले होते.

लाज वाटली. निबंधाची नव्हे. निबंधाचं काय ते होईल, ते तिला पेलण्यासारखं होतं. ही वेगळी होती, आणि ती कुठे ठेवायची ते तिला कळत नव्हतं.

सहाला वीस मिनिटं कमी होती. पडद्यावर पत्राची दुसरी ओळ अर्धीच लुकलुकत होती. वही उघडी होती, सहीची जागा कोरी.

"बस," ती म्हणाली. वैभवी बसली, खुर्चीच्या टोकाला. "जानेवारीपासून सांग. तिथं मी काय काय केलं, तू काय काय पाहिलं, सगळं. मी मध्ये बोलत नाही."

वैभवीने एकदा तिच्याकडे पाहिलं, खरंच बोलायचं का हे ताडून बघत असल्यासारखं. मग घसा साफ केला.

"त्या दिवशी मॅडम, आपण दुपारी पोचलो..."

दुपारी नव्हे, सकाळी. साडेनऊला पोचलो होतो, मला पक्कं आठवतं – शब्द ओठांपर्यंत आले. प्रमोदिनीने ते गिळले. की दुपारच होती? तिला सांगता येईना. ती थोडी पुढे झुकली आणि ऐकू लागली.